संप आपला, मग शेजारच्या टेबलावरची मुलगी कुणाची?

आवक_जावक

नमस्कार. मी कोल्हापुरात एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. नेमणूक २००९ ची, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या लोकांची जुनी पेन्शन बंद झाली त्या रेषेच्या पलीकडची. मार्च २०२३ च्या संपात १४ तारखेपासून २० तारखेपर्यंत सगळे दिवस रस्त्यावर होते. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ओरडून आवाज बसला होता, रात्री मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून सकाळी परत टाऊन हॉल गाठायचा.

आता पुन्हा संपाचं बोलणं सुरू झालंय. केंद्राच्या कामगार कायद्यांच्या चार नव्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, रिकाम्या जागांवर एजन्सीची माणसं येत आहेत, आमच्याकडे सह्यांचा कागद फिरतोय. सही मी करणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलायची आहे. अडीच-तीन वर्षं पोटात ठेवली.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसते. डेटा एन्ट्रीचं काम करते, एजन्सीकडून आलेली. संपाच्या पहिल्या दिवशी आम्ही साडेनऊला गेटवर जमलो होतो. ती डब्याची पिशवी घेऊन आली आणि आम्हाला बघून थबकली. आमच्यातल्या एकाने सगळ्यांसमोर सुनावलं, 'आत गेलीस तर फितूर म्हणू.' तिने माझ्याकडे बघितलं. रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारी पोरगी. मी मान खाली घातली. ती आत गेली. एजन्सीच्या सुपरवायझरने आदल्या रात्रीच तिला मेसेज टाकला होता की गैरहजर राहिलात तर पुढच्या दिवसापासून येऊ नका.

इतके दिवस त्या हॉलमध्ये ती एकटी होती. संप मिटल्यावर मी कामावर गेले तर आवकचं टपाल तारीखवार लावून ठेवलेलं होतं आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून जुना पेपर झाकलेला होता. मला तिथे उभंच राहवेना.

मागच्या महिन्यात कळलं, तिच्या पगारातून पीएफ कापला जातो पण आठ महिने खात्यावर काहीच जमा नाही. आमच्या मागणीपत्रकात पेन्शन पहिल्या क्रमांकावर आहे. कंत्राटी कर्मचाऱ्यांची ओळ अगदी तळाला, पान उलटल्यावर. माझं म्हणणं एवढंच आहे की ती ओळ वर आली पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

मास्तर_भुदरगड

ताई, तुमच्या भावनेशी सहमत, पण मागणीशी नाही. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, २००७ चा. एवढ्या वर्षांत एक शिकलोय. पत्रकात पंधरा मागण्या घातल्या की सरकार सगळ्यात स्वस्त तीन निवडतं आणि बैठक संपवतं. २०२३ ला राज्यभरातले सतरा-अठरा लाख लोक एका मागणीवर उभे राहिले म्हणून हललं काहीतरी. तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती बसली. सेवेत असताना वारलेल्यांच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी देण्याचा निर्णय त्याच महिन्यात झाला.

हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. माझ्याच केंद्रातले एक सर सेवेत असताना गेले. दोन मुलं, मोठी सातवीत. जुन्या योजनेत वहिनींना दर महिन्याला हक्काची रक्कम मिळाली असती. त्यांच्या हातात आला डीसीपीएसचा, म्हणजे पगारातून कपात होणाऱ्या नव्या पेन्शन योजनेचा हिशोब, आणि त्यातही सुरुवातीच्या वर्षांच्या कपातीच्या नोंदी जुळत नव्हत्या. वहिनी ते कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर्षभर हेलपाटे घालत होत्या. आम्ही रस्त्यावर उतरलो ते त्या पिशवीसाठी. त्यात दुसरं काही मिसळायला माझं मन तयार होत नाही.

निवृत्त_७७

मास्तर, आम्हीसुद्धा एका मागणीवरच लढलो होतो. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता. १४ डिसेंबर १९७७ ला संप सुरू झाला तो ५४ दिवस चालला. पुढारी र. ग. कर्णिक, मुख्यमंत्री वसंतदादा. माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं.

दुसरा पगार चुकला तेव्हा मी मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला हमाली केली. हंगामच होता. तीस किलोचा रवा पाठीवर घ्यायचा, लिपिकाचे हात, पहिल्याच दिवशी सोलवटले. शेजारी जो हमाल होता त्याने गोणपाटाची घडी करून माझ्या पाठीवर कशी बांधायची ते दाखवलं. तो काही आमच्या संघटनेचा नव्हता, त्याला महागाई भत्ता कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराने वहीवर जोंधळे दिले ते थेट फेब्रुवारीपर्यंत. कोल्हापूर मागे उभं होतं म्हणून आम्ही ५४ दिवस टिकलो.

मला आज काळजी वाटते ती याचीच. तुम्ही टाऊन हॉलला बसता तेव्हा रस्त्याच्या पलीकडून जाणारा माणूस काय म्हणत जातो?

पन्हाळ्याचा_वारा

मी सांगतो काका. मी रस्त्याच्या पलीकडेच होतो.

त्या आठवड्यात कोल्हापुरात संपाच्या विरोधात सुशिक्षित बेरोजगारांचा मोर्चा निघाला होता, आठवत असेल सगळ्यांना. मी त्यात चाललोय. आम्ही निम्म्या पगारात काम करतो, आम्हाला घ्या, असं ओरडलोय. तेव्हा राजारामपुरीत अभ्यासिका लावून तिसरं वर्ष होतं. वडील हमाल आहेत. दुपारी एक वेळची मेस, रात्री गावाकडून आलेली भाकरी. ज्यांना पगार आहे, घराचं कर्ज मिळतं, लग्नाला स्थळं येतात ते लोक आणखी मागायला बसलेत असं दिसत होतं. आमच्या भरतीसाठी तुम्ही लोकांनी एक दिवस तरी संप केलाय का, हा माझा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

पण पुढचंही सांगतो. सहा महिन्यांनी, सप्टेंबर २०२३ ला, बाहेरच्या एजन्स्यांमार्फत सरकारी पदं भरायचा शासन निर्णय आला. नऊ एजन्स्या होत्या. अभ्यासिकेत तो जीआर मी मोठ्याने वाचून दाखवला आणि मध्येच थांबलो. निम्म्या पगारात घ्या म्हणून आम्हीच ओरडलो होतो ना? मग हे तेच होतं. फक्त उरलेला निम्मा सरकारकडे राहत नव्हता, एजन्सीचा हिस्सा त्यातून जाणार होता. राज्यभर पोरं रस्त्यावर उतरली, ऑक्टोबरमध्ये निर्णय मागे घेतला गेला.

ताईंनी लिहिलेली मुलगी म्हणजे उद्याचा मी आहे. त्या मोर्चात जाण्याची लाज वाटते असं नाही, भूक खरी होती. पण घोषणा चुकली.

रात्रपाळी

पन्हाळ्याचा वारा, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

मी एनएचएमची, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी नर्स, सात वर्षं झाली. २०२३ ला कायम नर्स ताई संपात होत्या तेव्हा वॉर्ड आमच्यावर आणि शिकाऊ मुलींवर होता. एका पाळीतून दुसऱ्या पाळीत, मध्ये घरी जाणं नाही. एका म्हातारीला सलाइन लावताना हात थरथरत होता झोपेने. तीच म्हणाली, बाळ तू आधी बस जरा.

१४ मार्च २०२४ ला आमच्यासाठी शासन निर्णय निघाला, दहा वर्षं पूर्ण झालेल्यांना कायम सेवेत सामावून घ्यायचं. तारीख बघा, संपाला बरोबर वर्ष झालं त्या दिवशीची. निर्णय कागदावर आहे, अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये आम्हाला संपावर जावं लागलं. त्या वेळी कायमच्या ताईंपैकी दोघी दुपारी चहाचा थर्मास घेऊन मंडपात येऊन बसायच्या. संघटनेचं पत्र वगैरे काही नव्हतं, आपल्या मनाने यायच्या. तो थर्मास मी विसरणार नाही.

खटका_मागवाला

इचलकरंजीहून. इथे पेन्शनवर पानंच्या पानं लिहिलीत म्हणून सांगतो. माझ्या वडिलांना ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफ खात्यावरची पेन्शन येते, महिन्याला हजार रुपये. सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम हीच आहे, एक रुपया वाढलेली नाही. आणि मागावरच्या बहुतेक कामगारांना तेवढीपण नाही. तुमच्या मोर्चात आम्ही येऊ, पण कुणी बोलवायला आलं नाही कधी.

शिरोळकर

मी शेतकरी माणूस, तुमच्यासारखं लिहिता येत न्हाई पण सांगतो. २०२३ च्या मार्चात अवकाळी झाला. काढणीला आल्याला शाळू आडवा पडला, कणसं काळी पडाय लागली. पंचनाम्याला तलाठी पाहिजे, तलाठी संपावर. आम्ही पडलेला शाळू तसाच ठेवायचा का उचलायचा? उचलला तर नुकसान दिसत न्हाई, ठेवला तर कोंब फुटतंय. चार दिवस बांधावर जाऊन नुसतं बगून यायचो. शेवटी आईनं सांगितलं, पंचनामा गेला चुलीत, जनावरांच्या वैरणीपुरता तरी हाताला लागू दे. उचलला. मदत काय मिळाली न्हाई.

तुमच्या पेन्शनीला माझा विरोध न्हाई. आमच्या भावकीतला एक पोरगा तलाठीच हाय. त्याला मी इचारलं, तर म्हणाला दादा माझापण नाइलाज होता. पण कुणीतरी एक माणूस गावात फोटो काढाय ठेवायला काय हुतं? दवाखान्यात अपघाताचा विभाग चालू ठिवताय न्हवं, तसं.

आवक_जावक

दादा, तुमच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही त्या वेळी टाळ्या वाजवत होतो की तहसील कार्यालयं ओस पडली. तुमचा शाळू आमच्या डोळ्यांसमोर नव्हता.

मास्तर, तुम्ही सांगितलेली पिशवी माझ्याही डोळ्यासमोर आहे. पेन्शनची मागणी खाली न्या असं मी म्हणत नाही. बाजूला जागा करा म्हणते.

काळा_कोट

कामगार न्यायालयात वकिली करतो. थोडं कायद्याचं बोलतो, कारण सह्या करणाऱ्यांना ते माहीत असावं.

सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत अधिकार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००३ मध्ये टी. के. रंगराजन खटल्यात म्हटलंय. पार्श्वभूमी तामिळनाडूतल्या संपाची होती, तिथे लाखाच्या वर कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कामावरून काढलं होतं. मला तो निकाल पटत नाही, पण तो आहे. शिवाय मेस्मा आहे, अत्यावश्यक सेवांमधल्या संपाला बंदी घालता येते तो राज्याचा कायदा. २०१८ मध्ये अंगणवाडी सेविकांना मेस्मा लावला होता, विरोध झाल्यावर थांबवावा लागला. ज्यांना सरकार कर्मचारी मानायला तयार नाही, मानधन देतं, त्यांची सेवा संप करायच्या वेळी तेवढी अत्यावश्यक ठरते. अंगणवाडीच्या बायका तरीही डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत ५२ दिवस संपावर राहिल्या. आधीच्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटी लागू असल्याचा निकाल दिला होता. या राज्यातल्या कुठल्याही संघटनेने त्या बायकांकडून शिकावं.

आता नवीन संहिता. चार संहितांमध्ये २९ जुने कायदे एकत्र केलेत. लिपिक, तलाठी यांना औद्योगिक संबंध संहिता सरळ लागत नाही, सार्वभौम कामं उद्योगाच्या व्याख्येबाहेर आहेत. तुमची चौकट सेवा नियमांची. पण एजन्सीकडच्या कामगाराला ती लागते. त्याला आता संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागेल. आधी केंद्राच्या कायद्यात ही सक्ती पाणी, वीज अशा सार्वजनिक उपयुक्तता सेवांपुरती होती. तडजोडीची कार्यवाही चालू असेल तर संप करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एका दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप धरला जाईल. बेकायदा संपाला एक हजार ते दहा हजार दंड किंवा महिनाभर कैद, किंवा दोन्ही. ताईंच्या शेजारची मुलगी गेटवर थांबली असती तर आजच्या कायद्याने ही तिची अवस्था. तिला फितूर म्हणणाऱ्याने हे वाचावं.

पण दुसरी बाजूही आहे. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकाची, हे जुन्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं, नव्या संहितेतही आहे. पीएफचंही तेच. इथे मुख्य मालक म्हणजे तुमचं कार्यालय. एजन्सीचं महिन्याचं बिल कोण पास करतं? त्याला पीएफचं चलन आणि नावांची यादी जोडलेली असते का? ती यादी कोण तपासतं?

ताई, ते टेबल तुमच्याच लेखा शाखेत आहे. तिथे बसलेला माणूस बहुतेक तुमच्याच संघटनेचा सभासद असेल.

निवृत्त_७७

वकीलसाहेब, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. कोषागारात मी एकतीस वर्षं बिलं तपासली. कागद अपुरा असेल तर आक्षेप लावून परत पाठवायचा अधिकार साध्या लिपिकाला असतो. आमच्या वेळी ठेकेदार आमच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा, कारण एक लाल शेरा पुरेसा होता.

मास्तर_भुदरगड

एक शंका. बिल अडवलं तर त्या मुलीचाच पगार अडकेल. एजन्सी म्हणणार, ऑफिसने पैसे दिले नाहीत.

काळा_कोट

बरोबर शंका आहे, म्हणून नुसतं अडवू नका. टिप्पणी अशी ठेवायची की मजुरीची रक्कम कार्यालयाने कामगाराच्या खात्यात परस्पर द्यावी आणि कंत्राटदाराच्या बिलातून वळती करावी. तशी तरतूद आहे. त्याचबरोबर मुलीने उमंग या सरकारी अॅपवर पीएफचं पासबुक काढून त्याची प्रत भविष्य निर्वाह निधी कार्यालयात तक्रारीसोबत द्यायची. तिच्या एकटीच्या नावाने तक्रार गेली तर ती उघडी पडेल. त्याच एजन्सीची दुसरी माणसं शोधा, सगळ्यांच्या सह्या घ्या.

समान कामाला समान वेतनाबद्दल २०१६ चा जगजित सिंग निकालही आहे, तात्पुरत्या कर्मचाऱ्यांबाबतचा. पण ती लांबची लढाई, आधी आठ महिन्यांचे पैसे.

पन्हाळ्याचा_वारा

अभ्यासिकेत दोघेजण आहेत जे दिवसा वेगवेगळ्या कार्यालयांत एजन्सीकडून काम करतात. त्यांना आज रात्री पासबुक बघायला सांगतो.

खटका_मागवाला

सह्यांना माणूस पाहिजे असेल तर मला कळवा. रविवारी सुट्टी असते.

मास्तर_भुदरगड

काल रात्री झोप लागली नाही म्हणून परत लिहितोय.

मी एका मागणीचा आग्रह धरला होता. पण त्या एका मागणीचं पुढे काय झालं तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मार्च २०२३ ला समितीच्या आश्वासनावर संप मागे. डिसेंबरला पुन्हा हत्यार उपसलं आणि लगेच म्यान केलं. जानेवारी २०२४ ला ज्यांच्या भरतीची जाहिरात नोव्हेंबर २००५ च्या आधीची होती तेवढ्यांना जुनी पेन्शन, राज्यभरातले २६ हजारांच्या आसपास. ऑगस्ट २०२४ ला केंद्राने युनिफाइड पेन्शन आणली आणि दुसऱ्याच दिवशी राज्याने स्वीकारली. पंचवीस वर्षं सेवा असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी. जुन्या पेन्शनमध्ये आपल्या खिशातून काही जात नव्हतं, इथे दहा टक्के कपात चालूच राहते. मी उशिरा लागलो, माझी पंचवीस वर्षं भरतच नाहीत.

म्हणजे दर वेळी आपल्यातला एक गट कापून बाजूला काढला गेला. आधी २००५ च्या अलीकडचे आणि पलीकडचे. मग जाहिरात आधीची आणि नंतरची. मग पंचवीस वर्षंवाले आणि बाकीचे. आणि ज्यांना यातलं काहीच नाही ते एजन्सीवाले तर मोजणीतच नव्हते. ताई, मी माझं मत बदलतोय. तालुक्याच्या बैठकीत ती ओळ वर घ्यायचा ठराव मी मांडतो.

शिरोळकर

मास्तर, माझी पण एक ओळ घ्या. पंचनाम्याची.

आवक_जावक

दादा, घेतली. आमच्या पत्रकाच्या मसुद्यात आज मी हाताने लिहिलं की संपकाळात नैसर्गिक आपत्ती आली तर प्रत्येक मंडलात पंचनाम्यापुरती माणसं संघटना स्वतः देईल. महसूलवाल्यांनी आधी नाक मुरडलं. मग त्यातलाच एकजण म्हणाला, माझ्या सासऱ्यांचाही गहू तेव्हा पडला होता. तेवढ्यावर मंजूर झालं.

आता टेबलाचं. सोमवारी लेखा शाखेत गेले. फाइल मागितली. जो आमच्याच संघटनेचा खजिनदार आहे त्यानेच बिलं पास केली होती. पीएफच्या यादीच्या जागी दर महिन्याला तेच जुनं चलन झेरॉक्स करून लावलेलं, तारखेवर शिक्का असा मारलेला की आकडा दिसू नये. मी त्याच्यासमोर आठही कागद एकाखाली एक मांडले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'ताई, मी बघितलंच नाही गं. कंत्राटी आहेत म्हणून बघितलं नाही.' गेटवर फितूर म्हणणारा तोच होता.

टिप्पणी त्यानेच लिहिली, वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे. साहेबांची सही अजून व्हायची आहे. त्या एजन्सीची आमच्या इमारतीत एकूण अकरा माणसं निघाली, सात जणांनी तक्रारीवर सही केली. चार घाबरलेत, त्यांना आग्रह केला नाही.

रात्रपाळी

ताई, तुमची ती मुलगी काय म्हणाली?

आवक_जावक

फार काही नाही. पासबुक उघडून दाखवलं, सही केली, कामाला लागली. गेटची गोष्ट मी काढली, माफी मागितली. ती म्हणाली, 'तुम्ही तेव्हा माझ्याकडे बघायला पाहिजे होतं.' मी हो म्हटलं.

शुक्रवारी टाऊन हॉलला सभा आहे, कायम-कंत्राटी सगळ्यांची मिळून. पत्रकावर वेळ सहाची छापली होती. दुपारी ती स्वतःहून माझ्या टेबलाशी येऊन विचारून गेली की सभा लवकर नाही का होणार, सहाला सुरू झाली तर तिची गावाकडची शेवटची एसटी चुकते. खजिनदाराला फोन केलाय. पत्रकं परत छापायला दिली, साडेपाचची.